सहाशे ग्रॅम

माझ्या काट्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाही. मला म्हातारी म्हणा, तोंडाळ म्हणा, माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडा, मी ऐकून घेईन. पण पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसून मी अठरा वर्षं वजनं केली आहेत. दर वर्षी वजनमापांचा निरीक्षक येतो, आपली पितळी वजनं एकेक करून माझ्या काट्यावर ठेवतो, सील लावतो आणि जातो. त्याला आजवर एका ग्रॅमची खोट सापडलेली नाही. त्यामुळे त्या गुरुवारी मुंगीने माझ्याच काट्यावर उभं राहून मला सांगितलं की मावशी, तुमचा काटा चुकलाय, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुंगी हे तिचं हॉलमधलं नाव. वय एकोणीस, डोकं जेमतेम माझ्या खांद्याला लागतं, आणि स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त लोखंड डोक्यावर नेते, म्हणून मुंगी. वेटलिफ्टिंगच्या ज्या हॉलमध्ये ती सराव करते तिथेच एके काळी मी करायचे. आता स्पर्धांना पंच म्हणून बसते. रविवारी राष्ट्रीय संघासाठी निवड होती आणि मुंगीचा गट एकोणपन्नास किलोचा. रविवारी सकाळी वजन करताना एकोणपन्नासच्या वर चिमूटभर जरी भरली असती, तरी वर्षभराची मेहनत पाण्यात.

जेवणाच्या सुट्टीत मी खिडकी लावून डबा उघडत होते, तेव्हा ती मागच्या दाराने आली. पोती तोलायचा मोठा काटा आमच्याकडे जमिनीवरच असतो, त्याच्यावर जरा उभी राहू का, असं विचारलं. ओठांना पापुद्रे आले होते. सकाळी हॉलमध्ये एकोणपन्नास तीनशे भरली होती, त्यानंतर पाण्याचा एक घोट घेतला नव्हता. तिने बूट काढले, काट्यावर उभी राहिली आणि नजर समोरच्या भिंतीला लावली. आकडे मी वाचले. अठ्ठेचाळीस सातशे.

झालं की मग, म्हटलं, उलट तीनशे ग्रॅम हाताशी आहेत, जा आणि आधी पाणी पी. पण तिचा चेहरा आणखीच उतरला. दोन तासांत सहाशे ग्रॅम कसे उतरतील, असं म्हणाली, आणि मग ते माझ्या काट्याबद्दलचं वाक्य.

मी तरातरा उठले. दहा किलोचं पितळी वजन कपाटातून काढलं, तिला खाली उतरवलं आणि ते काट्यावर ठेवलं. पडद्यावर दहा आणि पुढे तीन शून्यं. बघ, म्हटलं, बघ जरा डोळे उघडून. तिने मान फिरवली.

"काट्याकडे बघायचं नसतं, मावशी. बघणारीचं वजन वाढतं."

मी तिथेच स्टुलावर बसले. हे वाक्य मी सव्वीस वर्षांनी ऐकत होते. कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं, तर सरांनी, असं ती म्हणाली. आमचे तेव्हाचे आणि तिचे आताचे प्रशिक्षक. आणि सरांनी तिला शनिवारी चार वाजता जादा वजनाच्या वेळेला बोलावलं होतं. एकटीला.

आमच्या हॉलमध्ये काटे दोन. मुलग्यांचा दाराजवळ, सगळ्यांच्या देखत. मुलींचा आतल्या खोलीत, आणि त्या दाराला कडी. मुलींसाठी वेगळी खोली आणि वेगळा काटा, केवढी काळजी, म्हणून आमच्या आयांनी सरांचे आभार मानले होते. काटा जुन्या पद्धतीचा. खाली लोखंडी फळी, वर आडवा दांडा, त्या दांड्यावर सरकणारं वजन, आणि दांडा अडकवून ठेवायला एक खटका. आधी आपण फळीवर उभं राहायचं, नजर भिंतीवर ठेवायची, मग सर खटका उघडणार, वजन सरकवणार आणि आकडा सांगणार. जिचा आकडा गटापेक्षा जास्त तिला शनिवारी चारला थांबावं लागे. ही मुलग्यांच्या सरावाची वेळ. बाहेर लोखंड जमिनीवर आदळत असतं. आतून कुणी हाक मारली तरी ती बाहेर पोचत नाही.

जादा वजनाची वेळ म्हणजे वाफ, मालिश आणि मग अंगावर काहीही न ठेवता पुन्हा वजन. नियमच आहे, असं सर सांगायचे. नियमात खरं काय लिहिलंय ते मी पंचाच्या परीक्षेला बसले तेव्हा वाचलं. बाईचं वजन बाईनेच करायचं. पुस्तकात एक ओळ होती आणि ती वाचायला मला दहा वर्षं लागली. त्या खोलीत माझ्या बाबतीत काय झालं ते मी सांगणार आहे, लपवायचे दिवस गेले, पण जिथे सांगितलं तिथेच ते येईल.

आमच्यातल्या एकीलाही कधी काट्याचा संशय आला नाही, हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण वजन उचलणाऱ्या बाईला विचारून बघा. ती सकाळी उठल्यापासून आपल्या अंगाकडे चोरासारखं बघते. काल घोटभर पाणी जास्त झालं, आज घाम कमी आला, पाळी जवळ आली. हॉलमध्ये जास्त भरलो की रबरी कपडे घालून पळायचं, थुंकून थुंकून तोंड कोरडं पाडायचं, आणि स्पर्धेच्या काट्यावर पुरेपूर खाली आलो की म्हणायचं, चला, उपास कामी आला. आम्हाला संशय आला तो आमच्याच अंगाचा. आणि मी तर त्याच्या पुढे गेले होते. मला खाण्यावर ताबा ठेवता आला नाही म्हणून मला त्या खोलीत थांबावं लागलं, असं मी सव्वीस वर्षं स्वतःला बजावत आले होते.

त्या खोलीत काय चालतं हे जिने सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने सांगितलं ती तोफ. खरं तर तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. त्या हॉलमध्ये पाऊल टाकणारी पहिली बाई तीच. मुलगे हसले होते, एकाने विचारलं होतं की झाडू मारायला आलीस का, आणि तिने त्याचीच वजनांची सळई उचलून डोक्यावर नेली होती. परदेशात पदक घेणारी आमच्यातली पहिली तीच. तिच्यामागून मी गेले. मी काडीसारखी होते, म्हणून तिने माझं नाव सुतळी ठेवलं. तिचा आवाज असा की ती दोन खोल्या पलीकडून कुजबुजली तरी आपण सावध होतो.

गेल्या वर्षी हॉलला पन्नास वर्षं झाली. सरांच्या मोठ्या तसबिरीवरचा पडदा उघडायला तोफेला मंचावर बोलावलं. तिने पडद्याच्या दोरीला हात लावला नाही. माइक घेतला आणि म्हणाली की या माणसाने आतल्या खोलीची कडी लावून माझ्यावर बलात्कार केला, मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, आणि माझ्यानंतर कितीजणी हे त्यालाच ठाऊक. कुणीतरी धावत जाऊन माइक बंद केला. तोफेला माइकची गरज कधी होती? शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही शब्द न शब्द ऐकला.

मग जे व्हायचं ते झालं. वेटलिफ्टिंगच्या संघटनेने तिला हॉलमध्ये यायची बंदी केली. तिच्या विक्रमाची पाटी भिंतीवरून उतरवली, खिळे तेवढे राहिले. चौकशी समिती नेमली. तोफ बसून राहणाऱ्यातली नव्हेच. ती गावोगावच्या हॉलमध्ये जायला लागली, मुलींना गोळा करून सांगायची की दार बंद करून कुणी तुमचं वजन करत असेल तर आधी दार उघडा, वजन मग बघू. मुलींच्या कपडे बदलायच्या खोल्यांत दाराच्या आतल्या बाजूला ती आपला फोन नंबर लिहून यायची. संघटनेने त्यावर रंग मारला. तिने रंगावर पुन्हा लिहिला. तिसऱ्यांदा रंग मारणाराच कंटाळला.

चौकशी समितीने मलाही पत्र पाठवलं होतं. तुमच्या काळात असं काही घडल्याचं तुम्हाला माहीत आहे का? मी लिहून दिलं, मला काही आठवत नाही. आंतरराष्ट्रीय पंचाची परीक्षा तोंडावर होती, कार्ड संघटनेच्या हातात होतं, नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं, मुलाचं लग्न ठरत होतं. कारणं सांगायची म्हटली तर ढीगभर आहेत. खरं कारण एकच, माझी पाचावर धारण बसली होती. दुसरी साक्षीदार नाही म्हणून तोफेची तक्रार तशीच पडून राहिली.

त्यानंतर तोफ दर महिन्याला माझ्या खिडकीवर यायची. मुलींसाठी तिने एक छोटी पुस्तिका छापली होती, तिचे गठ्ठे हॉलच्या पत्त्यांवर पाठवायची. दुसरी खिडकी मोकळी असली तरी माझ्याच रांगेत उभी राहायची. गठ्ठा काट्यावर ठेवायची आणि विचारायची, किती? मी म्हणायचे, दोन किलो चारशे. बस, एवढंच बोलणं. एका शब्दाने तिने मला कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तर त्या गुरुवारी मुंगीला मी पाणी पाजलं, शनिवारी एकटीने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, ते का हेही सांगितलं, आणि तिला घरी धाडून तोफेला फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही. ठिकठिकाणच्या हॉलच्या दारामागे इतक्या वेळा वाचला होता की पाठ झाला होता. मी तिला काटा सांगितला. माझ्याकडे अठ्ठेचाळीस सातशे, हॉलमध्ये एकोणपन्नास तीनशे, दोन तासांचं अंतर. तिने आकडे माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

"म्हणजे सुतळे," ती शेवटी म्हणाली, "आपण कधी जास्त नव्हतोच."

मी रडायला लागले. परदेशातल्या त्या स्पर्धेत तिच्या हातून शेवटची सळई निसटली होती, खांदा गेला होता, सुवर्ण गेलं होतं. तीन दिवस उपाशी होती ती, आणि ते सहाशे ग्रॅम उतरवण्यासाठी. मी तिची माफी मागितली, त्या पत्राबद्दल, त्या चार शब्दांबद्दल, वर्षभराच्या मूग गिळण्याबद्दल. तिने मला पुरतं बोलूही दिलं नाही. रडायचं नंतर, म्हणाली, शनिवारी चार वाजता म्हणालीस ना?

सरांना ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरलं. त्यांना कुणकुण लागली असती तर काटा भंगारात गेला असता आणि आम्ही दोघी चुलीपुढच्या गप्पा मारणाऱ्या बायका ठरलो असतो. मुंगीला मी म्हटलं, तू घरी थांब, आम्ही बघून घेतो. तिला ते पटलं नाही. तुम्ही पाजलंत तेवढंच पाणी, त्यानंतर भीतीने घोटघोटच घेतेय, ज्या काट्यासाठी मी तहानलेली आहे तो मला स्वतःला बघायचाय, म्हणाली.

शनिवारी चारला दहा कमी असताना मी हॉलमध्ये गेले. पंधरा-वीस मुलगे सराव करत होते, खडूची पांढरी भुकटी सगळीकडे, आणि लोखंडाचा तोच धडाड् धूम. तोफ फाटकापाशी थांबली होती. पहारेकऱ्याने बंदीचा हुकूम सांगितला तेव्हा ती म्हणाली की आत मी येतच नाही, उंबरठ्यावर उभी राहते, उंबरठ्यावर बंदी आहे का ते विचारून ये. तो बिचारा विचारायला गेलाच नाही.

सर आतल्या खोलीच्या दारात उभे होते. आता सत्तरी गाठलेली, पण कपडे तसेच पांढरेशुभ्र, गळ्यात शिट्टी. मुंगीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेत होते. मला बघून हसले. पंचबाई आज इकडे कुठे वाट चुकल्या, असं विचारलं. मी म्हटलं, वजन करायला आलेय, बाईचं वजन बाईनेच करायचं असा नियम आहे. ते अजूनही हसत होते. हे काही स्पर्धेचं वजन नाही बाळ, म्हणाले, हे आपलं घरातलं. आम्ही सगळ्याच त्यांच्या बाळ. मी सेहेचाळीस वर्षांची, दाताची कवळी लावते, तरी बाळ.

मी त्यांच्या बाजूने खोलीत गेले. कॅलेंडर नवं होतं, बाकी सगळं तेच. हिरवा रंग दिलेला काटा, शेजारी मालिशचं बाकडं. भीती होती, खोटं कशाला बोलू. पण गेली अठरा वर्षं रोज सकाळी मी जे पहिलं काम करते तेच केलं, रिकामा काटा तपासला. काट्यावर कुणी नसताना, सरकतं वजन शून्यावर नेऊन खटका उघडला. रिकाम्या काट्याचा दांडा खालीवर होऊन मध्ये तरंगायला हवा. हा टणकन वर गेला आणि तिथेच चिकटून बसला.

त्यानंतर मला भीती वाटली नाही. काट्याला चाकं असतात. मी तो ओढत खोलीबाहेर काढला, मुलग्यांच्या काट्याशेजारी आणून उभा केला. सर मागून म्हणत होते की अगं हे काय चाललंय, त्याची जागा हलवायची नसते. एकेक करत लोखंड आदळायचं थांबलं. हॉल इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

पंचवीस किलोच्या दोन लाल थाळ्या घेतल्या. स्पर्धेच्या थाळ्या, त्यांच्यावर वजन कोरलेलं असतं. आधी मुलग्यांच्या काट्यावर ठेवल्या. पन्नास, न कमी न जास्त. मग त्याच दोन थाळ्या मुलींच्या काट्यावर ठेवल्या, दांड्यावरचं वजन सरकवलं आणि दांडा तरंगल्यावर हात काढून घेतला.

"मुंगी, इकडे ये. वाच."

ती पुढे आली. सवयीने तिची नजर भिंतीकडे गेली. मग तिने मान वळवली, वाकली आणि दांड्यावर डोळे रोखले.

"पन्नास सहाशे," ती म्हणाली. आणि पुन्हा, मोठ्याने, "पन्नास सहाशे!"

काटा म्हातारा झालाय, असं सर म्हणाले. चाळीस वर्षं झाली, दुरुस्त करायचा राहूनच गेला. मी थाळ्या उतरवल्या आणि काटा आडवा केला. मुलग्यांतला एक आडदांड गडी, जो कधी कुणाच्या अध्यात नसतो की मध्यात, तो न बोलावता पुढे आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. फळीच्या पोटाला शिशाची एक चपटी वडी तारेने करकचून बांधलेली होती. वर फळीचाच हिरवा रंग. रंगाचे दोन थर, आणि खालच्याला भेगा पडलेल्या. म्हातारपणाने काट्याला शिसं फुटत नाही. कुणीतरी ते मापून बांधलं होतं, वर रंग दिला होता, आणि रंग उडाल्यावर पुन्हा दिला होता.

सर माझ्याजवळ आले. आवाज खाली आणला, तो गोड आवाज, ज्याने मी सव्वीस वर्षांनंतरही झोपेतून दचकून उठते.

"बाळ, तुला तर काही आठवत नव्हतं ना? तसं लिहून दिलंयस तू. सही आहे तुझी."

"सही माझी आहे," मी म्हटलं. "लिहिलेलं खोटं आहे. खरं ते आता सांगते, सगळ्यांनी ऐका."

आणि मी सांगितलं. मी विसाव्या वर्षी या खोलीत होते. माझा गट अठ्ठेचाळीस किलोचा आणि हा काटा मला दर वेळी गटापेक्षा चार-पाचशे ग्रॅम जास्त दाखवायचा. अकरा शनिवार मी इथे थांबले. पहिल्या शनिवारी या माणसाने मालिशच्या नावाखाली नको तिथे हात लावला. तिसऱ्या शनिवारी बलात्कार केला. मी ओरडले तेव्हा बाहेर तुमच्यासारखीच मुलं लोखंड आदळत होती. त्यानंतर मी ओरडले नाही, कारण मला वाटलं चूक माझ्या वजनाची आहे. चूक माझी नव्हती. चूक या फळीच्या पोटाला तारेने बांधली होती.

हे बोलताना माझा आवाज फुटला, नाक वाहिलं, शोभेल असं काहीच झालं नाही. पण शब्द एकही गिळला नाही.

सर मुलग्यांकडे वळले. मी घडवलंय तुम्हाला, म्हणाले, चाळीस वर्षं या हॉलला रक्त दिलंय, आणि तुम्ही दोन चवचाल बायकांचं ऐकता? मग ते वाकले आणि त्यांनी तारेला हात घातला.

"हात लावू नका त्याला." तोफ उंबरठ्यावरून एकदाच बोलली. खिडकीच्या काचा थरथरल्या असं मुलगे नंतर सांगत होते, ती अतिशयोक्ती आहे, पण सरांचा हात जागच्या जागी थांबला. "पोलिसांना फोन केलाय. पाच मिनिटांत येतील. तोवर ते आहे तिथेच राहू दे."

तो आडदांड गडी काटा आणि सर यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याने काही केलं नाही. तसा उभा राहिला तरी पुरे होतं.

तेव्हा मुंगी बोलली. रागाने नाही, गणित न सुटलेली मुलगी विचारते तसं तिने विचारलं.

"सर, मी गुरुवारपासून नीट पाणी प्यायले नाहीये. का?"

सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. ती मग वळली, सगळ्यांच्या समोरून कोपऱ्यातल्या नळापाशी गेली, ओंजळ धरली आणि प्यायला लागली. नळाचा आवाज हॉलभर येत होता. तोंड पुसून तिने पुन्हा ओंजळ धरली. पोलीस आले तेव्हा ती नळापाशीच होती.

त्याच संध्याकाळी संघटनेचा फोन आला की माझं पंचाचं कार्ड चौकशी होईपर्यंत रद्द. मी म्हटलं, बरं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने उठून माझ्यासाठी जेवण वाढून आणलं आणि माझ्याशेजारी बसून राहिला. पुष्कळ माणसं एवढंही करत नाहीत.

रविवारी मी आणि तोफ प्रेक्षकांत बसलो, तिकीट काढून. मुंगीचं वजन दुसऱ्या गावच्या एका पंचबाईने केलं. मुंगीने स्वतः आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला, बाहेरच्या रांगेतल्या मुलींनाही ऐकू जाईल इतका मोठ्याने. अठ्ठेचाळीस नऊशे. पोट भरून पाणी पिऊन. मिळालेल्या सहाही संधींत तिने सळई नीट वर नेली आणि संघात तिचं नाव आलं. मग इतर मुलींनीही आपापले आकडे असेच ओरडून सांगितले. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला ते आवडलं नाही. नियमात मात्र ओरडू नये असं कुठे लिहिलेलं नाही, मी वाचलंय.

तोफेने त्या आठवड्यात आमच्या हॉलमधल्या सगळ्या जुन्या मुलींना फोन केले. तिने फक्त काटा सांगितला. शिसं पोलिसांनी तोललं होतं, सहाशे पाच ग्रॅम भरलं होतं, तेही सांगितलं. कुणाला काही विचारलं नाही. बायकाच बोलायला लागल्या. कुणी शाळेत शिकवत होती, कुणी बस चालवत होती, एक तर आजी झाली होती. दर एकीला आपला खोटा आकडा पाठ होता. लग्नाची तारीख विसरलेली बाई म्हणाली, मी त्रेपन्न चारशे.

तीन आठवड्यांनी तोफ माझ्या खिडकीवर आली. रांगेत तिच्यापुढे चार माणसं होती आणि दुसरी खिडकी मोकळी होती. तिचा नंबर आल्यावर तिने कागदांचा एक जाड गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला, काट्यावर ठेवला. चौकशी समितीचा पत्ता. एकतीस बायकांचे जबाब, प्रत्येकीच्या सहीचे. सगळ्यात वरचा माझा होता, आदल्या रात्री लिहिलेला, आधीच्या पत्रातले ते चार शब्द खोटे होते या वाक्याने सुरू होणारा.

"किती?" तोफेने विचारलं.

मी पडद्यावरचा आकडा वाचला. मग गठ्ठा उचलला, काटा शून्यावर येऊ दिला आणि पुन्हा ठेवला, कारण असल्या बाबतीत मला एका ग्रॅमची चूक चालत नाही.

"सहाशे चाळीस."

ती काट्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. मागचा माणूस म्हणाला, बाई, आटपा की. मी गठ्ठ्यावर शिक्का मारला, तो मागच्या पेटीत ठेवला आणि त्याला म्हटलं, या, काय पाठवायचंय?